मदत हवी आहे: वाचनालयाच्या निवडणुकीआधी मतदान यंत्राची चाचणी कशी आखावी?

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची निवडणूक आजवर छापील मतपत्रिकांवर होत आली आहे. पुढील निवडणुकीत मतदान यंत्रे वापरावीत असा प्रस्ताव आला असून, त्यापूर्वी एक चाचणी घ्यावी व तिचा आराखडा मी तयार करावा, असे मंडळाने ठरवले आहे. पतसंस्थेत, गृहनिर्माण संस्थेत किंवा अन्यत्र ज्यांनी असे काम केले आहे, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

चाचणी थेट खऱ्या निवडणुकीत घेऊ नये, हे माझे मत पक्के आहे. केरळमधील परावूर विधानसभा मतदारसंघात मे 1982 मध्ये 84 पैकी 50 केंद्रांवर यंत्रे वापरली गेली. परंतु कायद्यात तशी तरतूद नसल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये त्या 50 केंद्रांवर फेरमतदानाचा आदेश दिला. कायद्यात दुरुस्ती झाली ती थेट 1988 मध्ये. आमच्या संस्थेच्या घटनेतही मतपत्रिकेचाच उल्लेख आहे. तेव्हा घटनादुरुस्ती आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील सोपस्कार पूर्ण होण्याआधी यंत्रावर निवडून आलेल्या मंडळाला कोणीही आव्हान देऊ शकेल. म्हणून वार्षिक सभेच्या दिवशी, पुढील वर्षी कोणती मासिके सुरू करावीत, या बंधनकारक नसलेल्या प्रश्नावर यंत्राने मत घ्यावे, असे मी सुचवले आहे. या विषयात सभासदांना मनापासून रस असल्यामुळे ते विचारपूर्वक बटण दाबतील आणि कोणाच्या पदालाही धक्का लागणार नाही.

मोबाईलवर ओटीपी पाठवून मतदान घेण्याचा पर्याय एका पुरवठादाराने दिला होता. त्याला माझा विरोध आहे, कारण अनेक ज्येष्ठ सभासदांच्या अर्जावर मुलाचा किंवा सुनेचा क्रमांक नोंदवलेला आहे आणि घरात कोणाच्या देखत मत दिले गेले हे आपल्याला कळणार नाही. नॉर्वेने 2011 आणि 2013 मध्ये काही नगरपालिकांत इंटरनेट मतदानाची चाचणी घेतली आणि 2014 मध्ये ती थांबवली, त्यामागेही गुप्ततेविषयीची चिंता होती.

माझी खरी अडचण पडताळणीची आहे. यंत्राला छापील चिठ्ठीची जोड असावी, मतदाराला ती काचेआडून दिसावी आणि शेवटी सर्व चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या बेरजेशी ताडून पाहाव्यात, असा माझा विचार आहे. निवडणूक आयोगाच्या व्हीव्हीपॅटमध्ये, म्हणजे मताची चिठ्ठी छापून दाखवणाऱ्या जोडयंत्रात, चिठ्ठी 7 सेकंद दिसते. पण आमच्याकडे जाड चष्मा लावूनही सावकाश वाचणारे सभासद बरेच आहेत, त्यांना हा वेळ पुरेल का? दुसरे असे की, यंत्र प्रत्येक मताची वेळ नोंदवत असेल आणि आमच्या हजेरीपटावर सह्या क्रमाने होत असतील, तर दोन्ही नोंदी शेजारी ठेवून कोणी कोणाला मत दिले हे काढता येईल. मोठ्या केंद्रापेक्षा आमच्यासारख्या छोट्या संस्थेत हा धोका मला अधिक वाटतो. वेळेची नोंद बंद करण्याची अट पुरवठादाराकडून लेखी घ्यावी का, आणि ती पाळली गेली हे कोणाकडून तपासून घ्यावे?

सुरुवातीला अभिरूप मतदान घेण्याचे ठरले आहे. आयोगाच्या पद्धतीत प्रतिनिधींसमोर किमान 50 मते टाकून, बेरीज जुळवून यंत्र पुन्हा शून्यावर आणतात. आम्ही दोन्ही पॅनेलचे प्रतिनिधी बोलावणार आहोत.

चाचणी फसली असे कधी म्हणायचे, हे मात्र अजून ठरलेले नाही. मोजणीत फरक आढळला तर, आयोगाच्या नियमाप्रमाणे, चिठ्ठ्यांची बेरीज ग्राह्य धरावी हे मला मान्य आहे. पण एका मताचा फरकही यंत्र नाकारायला पुरेसा मानावा, की कारण सापडल्यास चाचणी पुन्हा घ्यावी? हा निकष सभेपूर्वी इतिवृत्तात नोंदवायचा आहे. आपल्या संस्थेने असा निकष कोणत्या शब्दांत मांडला होता, ते कृपया कळवावे; मसुदा असल्यास तोही द्यावा.