मंगळवार पेठेत गोधड्यांचं दुकान टाकतोय, गिऱ्हाईक म्हणून तुम्हाला काय पाहिजे?

माईची_लेक:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात मंगळवार पेठेत छोटा गाळा भाड्यानं घेतलाय. आई आणि गल्लीतल्या दोघी काकू हातानं वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवतात. आजवर ओळखीतल्यांनाच शिवून दिल्या, आता रीतसर दुकान करायचंय. डिपॉझिट देऊन हातात 80 हजार उरलेत. कापड, दोरा, मांडणी, पाटी सगळं त्यातच बसवायचंय. कर्ज काढायचं नाही हे घरात ठरलंय.
तयार माल ठेवावा की ऑर्डरप्रमाणे शिवावं? मापं कुठली चालतात? आणि मुख्य म्हणजे, विकत घेतलेल्या गोधडीबद्दल तुमची तक्रार काय आहे, ते सांगा. कौतुकापेक्षा तक्रारीच जास्त उपयोगाला येतील.

रंकाळा_वेस:
धुता आली पाहिजे. बाकी सगळं नंतर. मी लक्ष्मीपुरीतनं कापूस भरलेली रजई घेतली होती, रंग झकास, हात लावला की मऊ. पहिल्याच धुण्यात कापूस एका कोपऱ्यात गोळा झाला आणि उरलेल्या भागात नुसतं कापड राहिलं. उघडून बघितली तर टिपा वीतभर अंतरावर मारलेल्या. सुटा कापूस भरायचा तर टिपा चार बोटांपेक्षा लांब नकोत. तुमच्या वाकळेत आत कापडाचेच थर असतात, त्यामुळं हा त्रास नाही. हे गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगा, लोकांना माहीत नसतं.

उद्यमनगरवाला:
ताई, हातानं शिवून दुकान चालत नाही. कॉम्प्युटरवर चालणारी क्विल्टिंग मशीन घ्या. काही लाख जातील, पण दिवसाला ढिगानं माल निघेल. आणि गाळा पेठेत कशाला? राजारामपुरी मेन रोडला घ्या, गिऱ्हाईक तिथं फिरतंय. माझ्या मेव्हण्यानं मशीनवरच धंदा उभा केला, आज दोन ठिकाणी दुकानं आहेत.

माईची_लेक:
दादा, 80 हजार आहेत.

उद्यमनगरवाला:
बँक देते की. धंद्याला भांडवल लागतंच.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली:
माझी तक्रार विश्वासाची आहे. आई गेल्यावर तिच्या साड्या गोधडी करायला एका ठिकाणी दिल्या. नाव घेत नाही. गोधडी आली तेव्हा वरचं कापड आईच्या साड्यांचं होतं, पण हातात घेतली तर वजन भलतंच. एक कडा उसवून बघितली. आत कुठल्यातरी कारखान्यातल्या होजिअरीच्या चिंध्या होत्या. आईच्या बाकीच्या साड्या कुठं गेल्या, ते शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं तर म्हणाले, आत काय घालायचं ते आमच्यावर असतं.
तुम्ही एवढं करा. काय काय घेतलं त्याची पावती द्या, साड्यांचा फोटो काढून ठेवा. आणि शेवटची एक बाजू शिवायच्या आधी गिऱ्हाइकाला बोलवा, थर उलगडून दाखवा, मग बंद करा. माझ्यासारखी माणसं चार पैसे जास्त देतील.

कळंबा_रोड:
वरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. आत काय आहे ते दिसलंच पाहिजे. आणि धुता आली पाहिजे, हेही महत्त्वाचं. आमच्याकडं 7 किलोची मशीन आहे. डबल गोधडी कोरडी असताना आत मावते, पण भिजली की एवढी जड होते की ड्रम फिरतच नाही. बायकोनं बाथरूममध्ये पायानं तुडवून धुतली, वाळायला गच्चीवर न्यायला दोघं लागलो. दोन पातळ द्या पण एक जाड नको.

गगनबावडा_घाट:
पातळच पाहिजे. आमच्याकडं पाऊस सुरू झाला की जाड वाकळ वाळतच नाही, कुबट वास धरते. चुलीवर आडवी काठी बांधून त्यावर टाकायची आमची पद्धत. शहरातल्या फ्लॅटमध्ये तेही नाही. मे महिन्यात कडक उन्हात वाळवून ठेवायची, पावसाळ्यात धुवायला काढायची नाही, असं लिहून एक चिठ्ठी गोधडीबरोबर द्या.

हौसेचं_गाठोडं:
मी अंबाबाईच्या प्रसादाच्या साड्या घेऊन त्यांची गोधडी शिवून घेतली. इतकं प्रसन्न वाटतं! तुम्हीही तशा करून ठेवा, बाहेरगावचे भाविक डोळे झाकून घेतील.

जुना_बुधवार:
देवीच्या अंगावरची साडी पायावर ओढून झोपायचं? माझ्या मनाला नाही पटत. प्रसादाची साडी सणाला नेसावी, नाहीतर लेकीच्या ओटीत घालावी.

हौसेचं_गाठोडं:
पायावर कोण ओढतंय? लेकीला ताप आला की तिच्या अंगावर घालते. आईची माया म्हणूनच घालते ना.

जुना_बुधवार:
तुमची भक्ती खरीच असेल, त्यावर बोलत नाही. दुकानात विकायला ठेवू नये एवढंच माझं म्हणणं.

चिंध्यांची_राणी:
भक्तीचं ज्याचं त्यानं बघावं, मी शिवणकामाचं सांगते. देवीला येणाऱ्या साड्या बहुतेक जरीच्या, रेशमी नाहीतर सिंथेटिक. जर अंगाला टोचते. सिंथेटिक घाम पीत नाही आणि सुती थरावर घसरते, सरळ धावदोरा मारला तरी चुणी पडते. धुतल्यावर सुती आटतं, सिंथेटिक आटत नाही, मग सगळी वाकळ गोळा होते. काठ आवडला तर कापून कडेला लावावा, पोटात नको.
आता कापडाचा हिशेब. सव्वाआठ मीटरची एक नऊवारी असली तर चार तुकडे करून दोन-दोन जोडायचे, साधारण साडेसात बाय साडेसहा फुटाची वरची आणि खालची अशी दोन्ही अंगं निघतात. पाचवारी असल्या तर दोन लागतात. आतले थर वेगळे. दोन-तीन थर पुरे, चारच्या वर गेलात तर सुई ओढताना बोटं सोलतात. नवं मांजरपाट लावणार असाल तर आधी धुवून, आटवून घ्या. लाल-जांभळं कापड आलं की पांढरा ओला फडका घासून बघा. फडक्याला रंग लागला तर ते कापड पांढऱ्याशेजारी घालायचं नाही.
कडेपासून सुरू करून चौकोनी फेरे घेत मध्यापर्यंत यायचं, आई तसंच करत असेल. ते मशीनवर जमत नाही असं नाही, पण हाताच्या टाक्याला जो मऊपणा राहतो तो मशीनच्या टिपेत येत नाही.

उद्यमनगरवाला:
मशीनलाही टाका सैल करता येतो.

चिंध्यांची_राणी:
येतो. मग तो धुण्यात सुटतो.

गांधीनगर_होलसेल:
स्पष्ट सांगू का? आज लोकांना स्वस्त पाहिजे. ऑनलाईन सातशेला मायक्रोफायबरची रजई घरपोच येते. हातानं शिवलेल्या वाकळेची मजुरीच त्याच्या दुप्पट होईल. गांधीनगरच्या होलसेल बाजारातनं जयपुरी प्रिंटच्या रजया उचला, दर्शनी भागात लावा, भाडं त्यावर निघेल. वाकळा मागं ठेवा, कुणी मागितली तर दाखवायच्या.

कळंबा_रोड:
बरोबर आहे, जयपुरी ठेवाच. हलक्या असतात, मशीनमध्ये मावतात.

रंकाळा_वेस:
मलाही तेच वाटतंय. तयार माल दिसला नाही तर गिऱ्हाईक पायरी चढत नाही.

इचलकरंजीकर:
आमच्या यंत्रमागाच्या गावातनं कापड घ्या, मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. बाकी खरं सांगायचं तर मी अजून सोलापुरी चादरच पांघरतो. एक चादर वर्षानुवर्षं जाते, गोधडी कशाला लागते तेच मला कळलेलं नाही.

बाळंतविडा:
लहान मुलांची दुपटी आणि छोट्या गोधड्या ठेवा! बारशाला बारा महिने मागणी असते, कापड कमी लागतं, लवकर शिवून होतात. माझ्या पुतणीच्या बारशाला आरसे आणि टिकल्या लावलेली गोधडी आली होती, दिसायला गोड, पण टिकली निघून बाळाच्या मुठीत आली. घाबरून गुंडाळून ठेवली ती परत काढली नाही. बटण, आरसा, मणी काही नको, दोऱ्याची सुटी टोकंही नकोत. आणि तान्ह्या बाळाच्या खाली अंथरायला म्हणून द्या, तोंडावर येईल अशी पांघरायला नको.

खासबागचा_सुरेश_नव्हे:
मला नवी नकोच आहे. आज्जीनं शिवलेली वाकळ आहे, कडा झिरमिळल्यात, मधे दोन ठिकाणी आतला थर दिसतोय. महाद्वार रोडपासून शाहूपुरीपर्यंत विचारून झालं. जो तो म्हणतो, टाकून द्या, नवीन घ्या. अहो, टाकायची असती तर विचारत फिरलो असतो का? कुणी ठिगळ लावून, गोट (कडेची पट्टी) बदलून देणारं असेल तर मी उद्या येतो.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली:
माझ्याकडंही अशा दोन आहेत. हे दुकानात होणार असेल तर पाटीवर लिहाच.

उत्तरेश्वर_थाळी:
एक विसरलात सगळे. कधी देणार ते खरं सांगा. मी दिवाळीला म्हणून सांगितलेली गोधडी संक्रांत झाली तरी आली नव्हती. दरवेळी "चारच फेरे राहिलेत". हाताचं काम आहे, वेळ लागणार, मान्य. पण सुरुवातीलाच दीड महिना म्हणाला असतात तर मी पाहुण्यांना तसं सांगितलं असतं.

माईची_लेक:
सगळ्यांचं वाचलं, आईला मोठ्यानं वाचूनही दाखवलं. आमचं ठरलं ते सांगते.
जयपुरी रजया ठेवणार नाही. गांधीनगरवाले दादा, तुमचा हिशेब चुकीचा नाही, पण त्या रजया दहा दुकानांत मिळतात आणि त्यांच्याशी दरात भांडायची आमची ताकद नाही. मशीनही नाही. बारशाच्या गोधड्यांचा मोह झाला होता, पण तिघींच्या हातांना सध्या तेवढं झेपणार नाही.
दोनच कामं घ्यायची: गिऱ्हाइकानं आणलेल्या कापडाची वाकळ आणि जुन्या वाकळेची दुरुस्ती. मांडणीवर माल नसेल, तीन नमुने टांगलेले असतील: एक दोन थरांचा, एक तीन थरांचा, आणि एक मुद्दाम अर्धा उघडा ठेवलेला, म्हणजे आतलं हाताला लागेल. आणलेल्या प्रत्येक कापडाची नोंद पावतीवर. चौथी बाजू गिऱ्हाइकासमोर बंद होणार, ही सूचना आईला फार पटली. ती म्हणाली, माझ्या हातात कुणाच्या आईच्या साड्या असतील, तर त्याला आत बघायचा हक्क आहेच. तारीख सहा आठवड्यांची देऊ, त्याआधी झाली तर फोन करू. माल भरायचा नसल्यामुळं 80 हजारांतले बरेच पैसे भाड्यासाठी शिल्लक राहतात.

गांधीनगर_होलसेल:
रिकामं दुकान बघून लोक माघारी जातील. लिहून ठेवा.

उद्यमनगरवाला:
मेव्हण्याचा नंबर पाठवू का? जुनी मशीन विकायची आहे त्याला.

खासबागचा_सुरेश_नव्हे:
दुरुस्तीला वाकळ धुवून आणू का तशीच?

माईची_लेक:
धुवून, उन्हात वाळवून आणा, पण पिळू नका, झिजलेला धागा तुटतो. फाटलेल्या जागी आधी हातानं सैल टाके मारून घ्या म्हणजे धुताना आतला थर बाहेर येणार नाही. गोटासाठी घरातलं एखादं जुनं सुती कापड असेल तर तेही आणा. गुरुवारपासून आई दुपारी तीनला गाळ्यावर बसेल.