जन्मापासून दिसत नसेल तर मेंदूतली 'बघायची जागा' रिकामी राहते का?

नगरी_वाहक:
नमस्कार मंडळी. मी एसटीत वाहक आहे. लेक ५ वर्षांची. सातव्या महिन्यातच झाली, वजन अकराशे ग्रॅम, दीड महिना काचेच्या पेटीत होती. एवढ्या लहान बाळाचे डोळे ३० दिवसांच्या आत तपासून घ्यायचे असतात, हे आम्हाला तिसरा महिना उलटल्यावर कुणीतरी सांगितलं. तोवर दोन्ही डोळ्यांचे आतले पडदे सुटले होते. त्यावर आता बोलत नाही.

पोरगी तल्लख आहे. घर स्टँडच्या मागेच. गाडी वळणावर असते तेव्हाच सांगते, "बाबा, लालपरी आली." इलेक्ट्रिक शिवाईवर मात्र तिचा राग, आवाज न करता येते म्हणून.

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय, की अशा मुलांच्या मेंदूत बघायचा भाग ऐकायचं काम करायला लागतो. हे खरं आहे का? मेहुणे म्हणतात, मोबाइल सगळं वाचून दाखवतो, ब्रेलच्या भानगडीत पडू नका. आणि रात्री झोप येत नाही तेव्हा एकच डोक्यात येतं. उद्या काही उपचार निघालाच, तर ती जागा दुसऱ्या कामाला लागलेली असेल, मग काय?

स्मिता_के:
दादा, धीर सोडू नका. देव एक काढून घेतो तेव्हा दुसरं दुप्पट देतो. आमच्या गावातले एक अंध बुवा काय पेटी वाजवायचे!

ठिपकेवाला:
दादा, मी जन्मांध, वय ४३, बँकेत नोकरी. मानसशास्त्रात एम.ए. केलं ते याच प्रश्नाच्या खाजेपायी, तेव्हा जरा लांबेल.

स्मिताताई, राग मानू नका, पण मला दुप्पट काही मिळालेलं नाही. बारीक आवाज मला तुमच्याइतकाच ऐकू येतो. सूर वर गेला की खाली, हे लहानपणीच दृष्टी गेलेले लोक जास्त नेमकं ओळखतात, असं २००४ सालच्या एका अभ्यासात दिसलं. पण मी पेटी वाजवली तर तुम्ही उठून जाल.

मेसेज निम्मा खरा आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला बघण्याचा भाग असतो. १९९६ मध्ये सादातो नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की लहानपणापासून अंध असलेली माणसं ब्रेल वाचतात तेव्हा हा भाग कामाला लागतो. कुणी म्हणेल, लागत असेल उगाच. म्हणून पुढच्या वर्षी कोहेन आणि मंडळींनी तिथे बाहेरून चुंबकीय झटके दिले. वाचणारे अडखळले. काहींना ठिपके गायब झाल्यासारखे वाटले, काहींना नसलेले ठिपके लागले! डोळस लोकांना उठावाची अक्षरं बोटाने वाचायला दिली होती, त्यांना त्याच झटक्यांनी काही झालं नाही. नंतर एका जन्मांध बाईंना पक्षाघात होऊन नेमका तो भाग दोन्हीकडून गेला. हाताला ठिपके लागत होते, पण आयुष्यभर वाचलेलं ब्रेल वाचता येईना. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नकळत डोक्याचा मागचा भाग चाचपला होता.

आता जोडणीचं. माझी समजूत होती की हा भाग कानाच्या आणि बोटांच्या भागांशी घट्ट जोडला जात असणार. स्वस्थ पडून काढलेल्या मेंदूच्या चित्रांत उलटंच दिसतं. त्या भागांशी तो कमी ताल धरतो आणि कपाळाच्या बाजूला भाषेचे जे भाग आहेत त्यांच्याशी जास्त. तुमच्या भाषेत सांगायचं तर नवा रस्ता खणलेला नाही, असलेल्या रस्त्यावर फेऱ्या वाढल्यात. डोळस लोकांना ५ दिवस डोळे बांधून ठेवलं तरी त्या भागात स्पर्शाची हालचाल सुरू झाली आणि पट्टी काढल्यावर २४ तासांत थांबली. एवढ्यात नवी सडक होत नसते.

म्हणून तुम्हाला सांगतो, ब्रेल आजच सुरू करा. जागा वाट बघतेय.

आभा_सोलापूर:
ठिपकेवाले, शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. जागा ब्रेलची वाट बघत बसत नाही. मरिना बेडनी या संशोधिकेच्या गटाने २०१५ मध्ये ४ ते १७ वर्षांची अंध मुलं तपासली. गोष्ट ऐकताना तो भाग चौथ्या वर्षीच पुरता जागा झालेला होता आणि ब्रेल येतं की नाही याच्याशी त्याचा संबंध लागला नाही. दादांची लेक पाचची आहे. म्हणजे तिथे बोलणं येऊन बसलंय, बाबांच्या तिकिटांच्या गप्पांसकट.

ब्रेल लवकर शिकावं हे मलाही मान्य, पण बोटांसाठी. माझी नजर २९व्या वर्षी गेली. वर्ष झालं, अजून एक पान वाचायला अर्धा तास लागतो, बोटाखाली रवा सांडल्यासारखं वाटतं.

दादा, तुमच्या झोपेच्या प्रश्नाबद्दल. दिल्लीत प्रोजेक्ट प्रकाश नावाच्या उपक्रमात जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर उशिरा शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच जणांना आधी एक वस्तू हातात दिली आणि मग समोरच्या दोनपैकी ती कोणती ते नुसतं बघून सांगायला लावलं. पहिल्यांदा जवळजवळ अंदाजानेच सांगितलं. काही दिवसांतच जमायला लागलं. म्हणजे जागा कुलूप लावून कुणी नेलेली नसते. पण त्या मुलांचे पडदे शाबूत होते, तुमच्या लेकीचं तसं नाही. खोटी आशा मला लावायची नाही.

ठिपकेवाला:
आभाताई, बरोबर आहे, वाक्य मागे घेतो. मेंदूच्या नावाखाली मी ब्रेल खपवत होतो.

मग खरं कारण सांगतो. आमच्या शाखेत एक पोरगा आला, पूर्ण अंध, सगळं शिक्षण ऐकून केलेलं, गुण माझ्यापेक्षा जास्त. पहिल्या पत्रात त्याने 'वेवस्थापक' लिहिलं. बिचाऱ्याने तो शब्द कधी हाताने बघितलाच नव्हता. दादा, मेहुण्यांना एवढं सांगा. मोबाइल मीही दिवसभर वापरतो, पण तो शब्द ऐकवतो, त्याची अक्षरं बोटाखाली देत नाही.

आणि मराठी ब्रेल अवघड नाही. 'कि' लिहिताना तुम्ही वेलांटी आधी काढता, आम्ही ऐकू येतं तसं लिहितो, आधी क, मग इ. पाटी आणि स्टायलस, म्हणजे ठिपके टोचायची टोचणी, लगेच देऊ नका. कागदावर टोचायचं उजवीकडून डावीकडे, वाचायचं कागद उलटवून, लहान पोरं वैतागतात. सहा अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या. उभा धरा, दोन रांगा, प्रत्येकीत तीन खळगे. डावी रांग वरून १, २, ३ आणि उजवी ४, ५, ६. अक्षरात जिथे ठिपका, त्या खळग्यात लिंबू ठेवा. १ आणि ३ म्हणजे क. १, २, ३ म्हणजे ल.

नगरी_वाहक:
सगळ्यांचे आभार. आभाताई, स्पष्ट बोललात ते बरं केलंत.

काल सुट्टी होती. ट्रे आणला, चार लिंबं मिळाली. क करून तिच्या हातात दिला, मग ल. तिसऱ्यांदा मी काही करायच्या आत तिनेच ल मधलं मधलं लिंबू उचललं आणि म्हणाली, "बाबा, आता परत क." मग ते लिंबू नाकाला लावून बसली. बायकोला सरबतासाठी हवं होतं, दिलं नाही.

म ला कुठे कुठे ठेवायची तेवढं सांगा.

ठिपकेवाला:
१, ३, ४. तीन लिंबं लागतील, चौथं सरबताला द्या.