जागतिकीकरणानं राष्ट्र-राज्यांची सत्ता पोखरली आहे का?

वाटसरू

सरकारं बदलतात, आर्थिक धोरण मात्र जागचं हलत नाही, ही तक्रार अनेक लोकशाही देशांत ऐकू येते. माझ्या मते याच्या मुळाशी जागतिकीकरण आहे.

उरुग्वेनं सिगारेटच्या पाकिटाचा ८० टक्के भाग आरोग्याच्या इशाऱ्यासाठी सक्तीचा केला. फिलिप मॉरिसनं २०१० मध्ये स्वित्झर्लंड-उरुग्वे गुंतवणूक कराराचा (अशा करारांमुळे परकीय गुंतवणूकदार सरकारवर थेट दावा करू शकतो) आधार घेऊन त्या देशाला आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचलं. निकाल लागायला २०१६ उजाडलं. ऑस्ट्रेलियाच्या साध्या पाकिटांच्या (म्हणजे पाकिटावर कंपनीचे रंग, बोधचिन्ह नकोत, अशा) कायद्यावरही असेच दावे झाले, तेव्हा त्यांचं काय होतंय ते बघू म्हणून न्यूझीलंडनं स्वतःचा कायदा लांबवला. दावा एकावर आणि कचरला दुसराच! नागरिकांच्या फुप्फुसांसाठी कायदा करतानाही सरकारला आधी लवादाची धास्ती वाटत असेल, तर सार्वभौमत्व उरलं कुठे?

अर्धविराम

असहमत. खटला उरुग्वेनं जिंकला, हे तुम्ही लिहिलंच नाही. त्याच्या खर्चापोटी ७० लाख डॉलर देण्याचा आदेशही कंपनीला झाला. शिवाय या करारांवर सह्या सरकारांनीच केल्यात. भारत, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका यांनी असे अनेक जुने करार रद्दही केलेत.

भांडवलापुढे सरकारं हतबल असतात, हेही पटत नाही. आशियाई आर्थिक संकटात मलेशियानं १ सप्टेंबर १९९८ ला भांडवलावर नियंत्रणं आणली. शेअर विकून आलेला परकीय पैसा वर्षभर देशाबाहेर नेता येणार नाही, असा नियम केला आणि रिंगिटचा दर डॉलरला ३.८० असा बांधून टाकला. देश बुडणार, असं तेव्हा कितीतरी अर्थतज्ज्ञ सांगत होते. पुढच्याच वर्षी अर्थव्यवस्था पुन्हा वाढायला लागली. सत्ता होती, ती वापरायची हिंमत दाखवली, एवढंच.

वाटसरू

करार रद्द केला तरी जुन्या गुंतवणुकीचं संरक्षण बऱ्याचदा पुढे १०-१५ वर्षं चालूच राहतं. म्हणजे आजच्या मतदाराला कालच्या सरकारची सही निस्तरावी लागते.

मलेशियाच्या डोक्यावर नाणेनिधीचं कर्ज नव्हतं, म्हणून ते जमलं. ग्रीसचं काय झालं? ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात ६१ टक्के लोकांनी कर्जदात्यांच्या अटी नाकारल्या. बँका बंद होत्या, एटीएममधून दिवसाला ६० युरोच काढता येत होते. आठवडाभरात सरकारनं आणखी कडक अटी मान्य केल्या. इतका स्पष्ट कौल इतक्या लवकर गुंडाळला गेला, याचा मला आजही संताप येतो.

उंबरठा

संताप समजू शकतो, पण ग्रीसचं चलनच स्वतःचं नव्हतं. तो युरोचा प्रश्न आहे, सगळा जागतिकीकरणाच्या खात्यावर टाकू नका.

उलट बाजूही बघा. २०२२ मध्ये पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली, त्याच्या प्रमुख बँकांना स्विफ्टमधून, म्हणजे बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांचे संदेश पोचवणाऱ्या जाळ्यातून, बाहेर काढलं. पैशाचे व्यवहार जगभर एकमेकांत गुंतलेले नसते, तर हा फास आवळता आला असता का? सत्ता काही राज्यांची गेली, काहींची वाढली. 'राष्ट्र-राज्य' असा एकच गट धरून बोललो, तर ही चर्चा पुढे सरकणार नाही.

अर्धविराम

+१

लेखणी

देशादेशांतल्या फरकाइतकाच देशाच्या आतला फरक महत्त्वाचा वाटतो. व्यापार करारांच्या वाटाघाटी मंत्री आणि अधिकारी बंद दाराआड करतात. संसदेपुढे येतो तो तयार मसुदा, घ्या नाहीतर सोडा. त्यामुळे सरकार बळकट आणि विधिमंडळ दुबळं, असं एकाच वेळी होऊ शकतं.

पण विधिमंडळानं मनावर घेतलं तर काय होतं, तेही दिसलंय. ऑक्टोबर २०१६ मध्ये बेल्जियममधल्या वालोनिया या प्रांताच्या संसदेनं युरोपीय संघ आणि कॅनडा यांच्यातला करार अडवून धरला. प्रांताची लोकसंख्या जेमतेम ३६ लाख. सहीचा ठरलेला समारंभ पुढे ढकलावा लागला आणि गुंतवणूकदारांच्या लवादाबद्दल लेखी हमी मिळाल्यावरच वालोनियानं होकार दिला. वाटसरू, तुमचा आक्षेप नेमका याच लवादांवर आहे ना? मग जागतिकीकरणाला दोष देण्याआधी, सहीपूर्वी मसुदा तपासायचा हक्क आपापल्या संसदांनी का मागितला नाही, हे विचारायला हवं.