सोसायटीच्या गच्चीवर येळवस करता येईल काय?

मांजराकाठ (प्रश्न)

माझे माहेर औसा तालुक्यातले असून नोकरीनिमित्त गेली अनेक वर्षे मी पुण्यात राहते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्ष अमावस्येला शेतात पूजा करून तिथेच सर्वांनी जेवायचा सण. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडे स्थानिक सुटी असते, शहरांत शुकशुकाट होतो आणि सगळे शिवार माणसांनी फुलते. इकडे मात्र तो कामाचा दिवस असतो. २०२४ साली येळवस ३० डिसेंबरला, सोमवारी होती आणि २०२५ साली १९ डिसेंबरला, शुक्रवारी. दोन्ही वेळा मी कार्यालयात डब्यातली पोळी-भाजी खात होते. यंदा अमावस्येनंतरच्या रविवारी आमच्या गच्चीवर साठ जणांसाठी भज्जी (शेंगा-भाज्यांची एकत्र शिजवलेली भाजी), बाजरीचे उंडे (गोळे), आंबील, गव्हाची खीर आणि जमल्यास हुरडा असा बेत आम्ही मराठवाड्याकडच्या काही कुटुंबांनी योजला आहे. माणशी दीडशे रुपयांचे कुपन ठेवण्याचाही विचार आहे. कडब्याची कोप (खोपी) नाही, पांडव (चुना लावून पुजायचे पाच दगड) नाहीत, भोवती उभे पीक नाही, अशा जेवणाला येळवस म्हणावे काय, आणि एवढ्या लोकांना पुरेल अशी आंबील कशी करावी, हे जाणकारांनी सांगावे.

तेरणाकाठ

आधी आंबिलीचे सांगतो, कारण तिला वेळ लागतो. माणशी एक पेला आणि काहींना दुसरा धरला, तर पंधरा लिटर आंबील हवी. त्यासाठी ज्वारीचे पाऊण किलो पीठ पुरते. पीठ आदल्या दिवशी सकाळीच आंबट ताकात कालवून ठेवावे. पुण्याच्या डिसेंबरात ते एका रात्रीत आंबेलच असे नाही. दुसऱ्या दिवशी उकळत्या पाण्यात ते हळूहळू सोडून, गुठळी होऊ न देता शिजवावे, पूर्ण निवल्यावर ताक, ठेचलेला लसूण, जिरे, मीठ आणि कोथिंबीर घालावी. गरम असताना ताक घातले की ते फाटते. माझ्या हातून एकदा असे झाले आहे आणि घरात त्याची आठवण अजून काढली जाते. शक्य असल्यास मातीच्या मडक्यात ठेवावी. आमच्याकडे त्याला बिंदगे म्हणतात आणि ते डोक्यावर घेऊनच शेताची वाट धरतात.

आता कुपनाविषयी. ते ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. येळवसेला आपल्याकडे कोणी कोणाला आमंत्रण देत नाही. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. चार कोपींवर चार घास खाऊन परतणारा माणूस त्या दिवशी कोणाचाच पाहुणा नसतो. डोकी मोजून जेवण ठेवले, तर भज्जी चांगली होईल, पण तो नुसता खाद्यमेळा होईल. खर्च आपसांत वाटून घ्या आणि गच्चीचे दार उघडे ठेवा. कोपीचे म्हणाल, तर ज्यांना शेतावर जाणे शक्य नाही त्यांनी कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून पाच दगडांना चुना लावला, तर कोणाचे काही बिघडत नाही.

भीमाकाठ

हुरड्याचा आग्रह सोडावा, असे सुचवतो. आमच्या सोलापूर भागात रब्बी ज्वारी साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात पेरली जाते. येळवसेच्या सुमारास कणीस बाहेर पडलेले असते, पण बहुतेक रानांत दाणा अजून दुधात असतो. हुरड्याचा खरा हंगाम जानेवारीत येतो. डिसेंबरात विकत मिळणारा हुरडा लवकर पेरलेल्या बागायती रानातला असतो. तो वाईट नसतो, पण येळवसेच्या ताटाशी त्याचा संबंध नाही. गूळभेंडी किंवा सुरती वाणाचा हुरडा खायचा असेल, तर महिन्याभराने वेगळा बेत करा आणि गोवऱ्यांच्या आगटीवर भाजा. गॅसवर भाजलेल्या कणसाला ती चव येत नाही. भाकरीच्या पिठासाठी मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणावी. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

भज्जी म्हणजे त्या दिवशी रानात जे उभे आहे त्याची मोजदाद. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे घाटे आणि कोवळा पाला, वाल, वाटाणा, मेथी, कांद्याची पात, गाजर, वांगी, शेंगदाणे, जे हाती लागेल ते शिजवून बेसन आणि चिंचेचा कोळ लावायचा. म्हणून यादी घेऊन बाजारात जाऊ नका. बाजारात त्या आठवड्यात जे ताजे दिसेल त्यावरून यादी करा.

भालकीहून

आमच्या बीदर जिल्ह्यातही हा सण होतो आणि कन्नडमध्ये त्याला एळ्ळ अमावस्या म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ. त्यामुळे ताटात तिळाची पोळी नसेल, तर आमच्याकडची म्हातारी माणसे ताटाकडे संशयाने पाहतात. पूजेनंतर आंबील आणि भज्जी पिकावर शिंपडत शेताला फेरी घालतात, आणि त्या वेळी जे पुकारतात त्याचे शब्द गावागणिक बदलतात. तुमच्या गच्चीवर कुंड्या असतील, तर त्यांना शिंपडण्यास हरकत नसावी. आंबीलच आहे, झाडांना बाधणार नाही.

चिंचेबद्दल एक सूचना: निलंगा तालुक्यातील पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ साली मानांकन मिळाले, आणि त्याच सुमारास लातूर जिल्ह्यातील कास्ती कोथिंबीर व बोरसुरी तूरडाळ यांनाही. डिसेंबरात नवी चिंच झाडावर पिकलेली नसते, तेव्हा मागच्या वर्षीची मीठ लावून ठेवलेली कोणाकडे असल्यास गावाकडून मागवावी.

मांजराकाठ

सर्वांचे आभार. कुपने रद्द केली असून हुरडा जानेवारीवर ढकलला आहे. फाटकावरचे सुरक्षारक्षक, सफाई करणाऱ्या मावश्या आणि समोरच्या बांधकामावरचे मजूर यांनाही हाक मारायची, असे ठरले. त्यामुळे साठचा आकडा आता मोडीत निघाला आहे आणि आंबिलीसाठी पीठ दीड किलो धरले आहे. एकच वाद उरला आहे. माझी सासू कोल्हापूरकडची असून भज्जीत बोरे घालतात हे त्यांना पटत नाही.

तेरणाकाठ

बोरे घालावीत, अख्खी घालावीत, आणि बिया असल्याची सूचना जेवायला बसण्यापूर्वी सर्वांना द्यावी.