सांगोल्याचे ११ विजय: गणपतराव देशमुखांचा विक्रम नेमका कशाचा?

माणकाठ

सांगोल्याचे शेकापचे (शेतकरी कामगार पक्ष) माजी आमदार गणपतराव देशमुख ३० जुलै २०२१ रोजी गेले. तेव्हापासून त्यांच्याबद्दल तीन वाक्यं सगळीकडे फिरतात. 'देशात सर्वाधिक वेळा निवडून आलेला आमदार', '५४ वर्षं आमदारकी' (कुणी ५५ लिहितं) आणि 'सांगोला म्हणजे शेकापचा अभेद्य किल्ला'. माझ्या मते तिन्ही चुकीची आहेत, आणि त्यांच्यामुळे माणसाचं खरं काम बाजूला पडतं.

आधी यादी. विजय: १९६२, १९६७, १९७४ (पोटनिवडणूक), १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. एकूण ११. पराभव दोन: १९७२ ला काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे पाटील जिंकले, १९९५ ला काँग्रेसचेच शहाजीबापू पाटील, फक्त १९२ मतांनी.

आता वर्षं मोजा. १९६२ ते ७२ ही दहा. १९७४ ते ९५ ही साधारण एकवीस, त्यातही फेब्रुवारी १९८० मध्ये विधानसभा बरखास्त झाली ती जूनपर्यंत नव्हतीच. १९९९ ते २०१९ ही वीस. बेरीज ५१ च्या आसपास येते. ५४ कुठून आले?

आणि 'देशात'? केरळचे के. एम. मणी पाला मतदारसंघातून १३ वेळा जिंकले, एकदाही हरले नाहीत. ओमन चंडी पुथुपल्लीतून १२ वेळा, १९७० पासून २०२३ मध्ये जाईपर्यंत सलग. करुणानिधी तामिळनाडूत १३ वेळा, मतदारसंघ बदलत बदलत. विक्रम मिरवायचा तर महाराष्ट्राचा मिरवा, तो निर्विवाद आहे.

खटाऱ्याची_धाव

आकडेमोड मान्य, निष्कर्ष अमान्य. मणींचा १९६५ चा विजय धरला तर १३ होतात, पण ती विधानसभा भरलीच नाही, एकाही आमदाराचा शपथविधी झाला नाही. म्हणजे सभागृहात बसायला मिळालं १२ वेळा. आबासाहेबांचे (म्हणजे गणपतरावांचे) अकराच्या अकरा विजय सभागृहात पोचले.

मुख्य फरक पक्षाचा. मणी स्वतःच्या नावाच्या गटाचे मालक होते, चंडी काँग्रेसचे, करुणानिधी द्रमुकचे सर्वेसर्वा. गणपतरावांच्या पाठीशी काय होतं? शेकापच्या जागा बघा: १९६२ ला १५, १९६७ ला १९, १९७२ ला ७, १९७८ ला १३, १९८० ला ९, १९८५ ला १३, १९९० ला ८, १९९५ ला ६, १९९९ ला ५, २००४ ला २, २००९ ला ४, २०१४ ला ३. बुडत्या नावेत बसून पोहत राहिलेला माणूस आहे हा. तेवढ्याच काळात महाराष्ट्रातल्या कितीएक दिग्गजांनी पक्ष बदलले. कालिदास कोळंबकर नऊ वेळा निवडून आले, कौतुक आहेच, पण शिवसेना, काँग्रेस, भाजप अशी तीन चिन्हं झाली. इथे पहिल्या निवडणुकीपासून शेवटच्यापर्यंत एकच लाल झेंडा. अशा अकरा विजयांना देशात तोड असेल तर दाखवा.

आकडेशास्त्री

दोघांनाही एक सूचना: हे आकडे पडताळायचे असतील तर निवडणूक आयोगाचे दर निवडणुकीचे सांख्यिकी अहवाल उघडा, पण त्यात पोटनिवडणुका नसतात. म्हणून १९७४ गळतो आणि लोक '१० वेळा' लिहितात. दुसरी गोची मतदारसंघाच्या हद्दीची. 'सांगोला' हे नाव कायम राहिलं, हद्द नाही. २००८ च्या पुनर्रचनेनंतरच्या सांगोल्यात (क्रमांक २५३) पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडळ आलं, आणि लोकसभेसाठी तो पंढरपूरऐवजी माढ्यात गेला. त्यामुळे २००४ आणि २००९ ची मतं शेजारी ठेवून 'वाढली-घटली' म्हणणं चूक. गावनिहाय बघायचं असेल तर त्या-त्या निवडणुकीचा नमुना २० काढा, त्यात केंद्रनिहाय मतं असतात. आणि केंद्र क्रमांक दर वेळी बदलतात, तेव्हा क्रमांक नको, गावाचं नाव जुळवा.

बापूसमर्थक

किल्ला होता म्हणणाऱ्यांनी २०१९ आठवावं. आबासाहेब वयामुळे उभे राहिले नाहीत, नातू अनिकेत देशमुख उभे राहिले. शहाजीबापू (तेव्हा शिवसेना) ९९,४६४, अनिकेत ९८,६९६. फरक ७६८. पाच वर्षांपूर्वी म्हणजे २०१४ ला याच बापूंना आबांनी सुमारे २५ हजारांनी हरवलं होतं. म्हणजे २५ हजारांची आघाडी आबांच्या नावावर होती, पक्षाच्या नव्हे, कुटुंबाच्या तर नाहीच. माणूस बाजूला झाला आणि ती विरघळली.

आणि हे बघा, पन्नास वर्षं एकच आमदार आणि तालुका तरी दुष्काळीच? पाण्याचा प्रश्न सुटला असता तर २०१९ ला लोक दुसरीकडे का वळले? उजनीतून पाणी उचलणाऱ्या, बाळासाहेब ठाकरे यांचं नाव दिलेल्या सांगोला उपसा योजनेचा पाठपुरावा बापूंनी केला. साधेपणानं पिकाला पाणी मिळत नसतं.

खटाऱ्याची_धाव

७६८ चा फरक 'विरघळणं' कसं हो? एका बाजूला सत्ताधारी युतीचा उमेदवार, राष्ट्रवादीचे दीपकआबा साळुंखेही त्यांच्याच मागे, आणि समोर पहिल्यांदाच उभा राहिलेला डॉक्टर पोरगा. तरी दोघांच्या मिळून १,९८,१६० मतांत ७६८ नं गेला. हीच त्या किल्ल्याची तटबंदी. २०२४ ला बाबासाहेब देशमुख (तेही नातूच) १,१६,२५६ मतं घेऊन आले, बापू ९०,८७० वर. २५ हजारांची आघाडी परत आली की नाही?

आकडेशास्त्री

अर्धंच सांगताय. २०२४ ला तिरंगी होती. दीपकआबा उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेकडून उभे होते आणि त्यांना ५१ हजारांच्या आसपास मतं पडली. बापू आणि दीपकआबा मिळून १ लाख ४० हजारांच्या वर जातात, म्हणजे बाबासाहेबांपेक्षा जास्त. २०१९ ची बापू-दीपकआबांची युती २०२४ ला फुटली आणि शेकापचा मार्ग मोकळा झाला, असं म्हणता येतं.

पण हेही खरं की शेकापची मतं ९८,६९६ वरून १७,५६० नी वाढली. ती केवळ फुटीमुळे वाढत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, पण दोन्ही बाजूंचे लोक एकच वाचतात.

माणकाठ

हाच माझा मुद्दा. १९९५ ला १९२, २०१९ ला ७६८. जिथे निकाल शंभर-दोनशे, सातशे मतांवर फिरतो तिथे 'अभेद्य' म्हणणं म्हणजे अकराच्या अकरा लढती सोप्या होत्या असं सांगणं. त्या नव्हत्या. १९७२ चंही तेच. बांगलादेश युद्धानंतर इंदिरा लाट होती, २७० पैकी २२२ जागा काँग्रेसला, शेकाप १९ वरून ७ वर. त्या लाटेत गणपतरावही गेले, आणि दोन वर्षांत पोटनिवडणुकीत परत आले. मला तर १९७४ हा सगळ्यात मोठा विजय वाटतो. पोटनिवडणूक म्हणजे सत्ताधारी पक्षाचं सगळं मंत्रिमंडळ एका तालुक्यात तळ ठोकून असतं, आणि राज्यात काँग्रेसला तेव्हा आव्हान जवळजवळ नव्हतंच.

जातगणित

सगळे मूळ गोष्ट टाळताय. सांगोल्यात धनगर समाजाची मोठी वस्ती, गणपतराव त्याच समाजाचे. अकरा विजयांपैकी आठ तरी त्यातच आले. बाकीचं तत्त्वज्ञान नंतरचं.

आकडेशास्त्री

मग १९९५? समाज तोच, उमेदवार तोच, आणि पराभव. २०१९ ला समाज तोच, आडनाव तेच, आणि पराभव. जातीनं पाया मिळतो, पण जी गोष्ट जिंकतानाही तेवढीच असते आणि हरतानाही तेवढीच, तिनं जय-पराजयातला फरक समजत नाही. एका समाजाच्या भरवशावर या मतदारसंघात लाखभर मतं होत नाहीत. मराठा, माळी, दलित मतं लागतातच, आणि ती कुठल्या गावात मिळाली ते नमुना २० मध्ये दिसतं. 'आठ तरी' हा आकडा कुठल्या कागदावरून आला तेही सांगा.

वाफ्याचं_पाणी

पाण्याबद्दल बापूसमर्थकांनी जे लिहिलंय त्यात दुरुस्ती हवी. सांगोल्याला पाणी येण्याच्या वाटा अनेक: नीरा उजव्या कालव्याचं शेपूट, कृष्णेवरच्या टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजना, आणि उजनी. सगळ्यांत सांगोला शेवटच्या टोकाला. शेपटाचा नियम असा की वरच्या तालुक्यांनी दारं उघडली की खाली फक्त गाळ पोचतो. त्यामुळे एकट्या सांगोल्याच्या आमदारानं 'पाणी आणलं' ही भाषाच चुकीची. टेंभूचं पाणी कराडजवळ उचलतात, मग कडेगाव, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ, आटपाडी करत ते इथे येतं. टप्प्याटप्प्यानं पंप. एक टप्पा बंद पडला की खालचं सगळं कोरडं.

म्हणूनच लढा एका तालुक्याचा असून चालणार नव्हता. नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं आटपाडीला १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरायला लागली, त्यात भारत पाटणकर होते, गणपतराव होते. मागणी समन्यायी वाटपाची होती, 'आमच्या तालुक्याला द्या' अशी नव्हती. बच्छावत लवादानं (कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणारा) महाराष्ट्राला दिलेलं पाणी ३१ मे २००० च्या आत अडवायचं होतं, त्या धाकानं १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ आलं आणि या योजनांना पैसे सुटले. परिषदेनं दाब टाकला नसता तर तो पैसा सगळा धरणांच्या भिंतींत गेला असता, उपशावर आला नसता, असं माझं मत.

बापूसमर्थक

दाब टाकून आलं किती? टेंभूला २२ टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणतात, आमच्या टोकाला किती?

वाफ्याचं_पाणी

प्रश्न रास्त, पण तो पंपांच्या वीजबिलाला विचारा. उपसा योजनेचं खरं दुखणं बांधकाम नाही, चालवणं आहे. बिल थकलं की महावितरण वीज तोडायचं, ऐन उन्हाळ्यात आवर्तन बंद. ८१ टक्के बिल सरकारनं आणि १९ टक्के लाभधारकांनी पाणीपट्टीतून भरायचं हे सूत्र आल्यावर गाडी थोडी रुळावर आली. हे सूत्र एका आमदाराचं नव्हे, त्या सगळ्या पट्ट्यातल्या रेट्याचं.

आणि एक गोष्ट सगळे विसरतात. सांगोल्याचं डाळिंब कालव्यावर वाढलं नाही. १९९० मध्ये रोजगार हमीला जोडून फळबाग योजना आली, खड्डे खोदण्यापासून रोपांपर्यंत अनुदान. त्यातून बोर आणि डाळिंब माळावर चढलं, पुढे ठिबक आणि शेततळं आलं. नंतर तेल्या रोगानं बागा झोपवल्या, तो वेगळा विषय. रोजगार हमीची मूळ कल्पना वि. स. पागेंची, कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. ७२ च्या दुष्काळात काम आणि मजुरीसाठी मोर्चे काढणाऱ्यांत लाल निशाण पक्षवाले, शेकापवाले पुढे होते. १९९९ च्या विलासराव देशमुख मंत्रिमंडळात गणपतरावांकडे रोजगार हमी खातं गेलं ते उगीच नाही.

माणकाठ

मंत्रिपदाचा हिशेब मांडलात ते बरं झालं. १९७८ चं शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार, ज्यात गणपतराव मंत्री होते, १७ फेब्रुवारी १९८० ला बरखास्त झालं. १९९९ चं मंत्रिपद जून २००२ ला सुटलं, रायगड जिल्हा परिषदेत राष्ट्रवादीनं शिवसेनेशी हात मिळवले म्हणून शेकापनं पाठिंबा काढला तेव्हा. दोन्ही मिळून चार-साडेचार वर्षं. मध्ये १९७७-७८ ला विरोधी पक्षनेतेपद. म्हणजे ५१ पैकी ४५ च्या वर वर्षं सत्तेबाहेरच्या बाकावर. अशा आमदाराचं काम मोजायला फीत कापलेल्या पाट्या नकोत, विधानसभेची कार्यवाही उघडायला हवी: तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, अर्थसंकल्पावरच्या कपात सूचना. एखाद्या विधेयकात 'करता येईल' ऐवजी 'करील' घालायला लावणं हे कुणाच्या फ्लेक्सवर येत नाही, पण रोजगार हमीसारख्या कायद्यात तेवढ्यावर मजुराला हक्क मिळतो की मेहेरबानी, ते ठरतं.

जातगणित

कार्यवाही उघडून कोण बघतं? मतदार सूतगिरणी बघतो.

खटाऱ्याची_धाव

बघू द्या की. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी करून चालवून दाखवणं हे काही कमी नाही. राज्यातल्या सहकारी सूतगिरण्यांची अवस्था काय झाली ते ठाऊक आहे ना? कापूस बाहेरून आणायचा, वीज महाग, खेळतं भांडवल अडकलेलं, वर संचालकांची पोरं नोकरीला. बहुतेक ठिकाणी चौथ्या कारणानं घात केला.

आकडेशास्त्री

सूतगिरणीचा ताळेबंद सहकार खात्याच्या लेखापरीक्षणात असतो, वर्ग 'अ' की 'ब' ते पाहून बोलू. वेगळा धागा काढा.

बाकी मूळ प्रश्नावर: 'महाराष्ट्रात सर्वाधिक, ११ वेळा, एकाच मतदारसंघातून आणि एकाच पक्षाकडून, सुमारे ५१ वर्षं' एवढं वाक्य कुणाला खोडता येत असेल तर कागद दाखवून खोडा. '५४' लिहिणाऱ्यांनी १९७२-७४ आणि १९९५-९९ मध्ये ते कुठल्या सभागृहाचे सदस्य होते ते सांगावं.

बापूसमर्थक

एवढं मान्य. पण 'अभेद्य' शब्द काढा. १९२ आणि ७६८ आमच्याही खात्यावर जमा आहेत.