बटणातला जीएसटी बाहेर कसा काढायचा?

पणजी_डेव्ह: कळंगुटच्या गेस्ट हाऊसचं विनफॉर्म्स (विंडोजवरचं डेस्कटॉप ॲप) बिलिंग आहे. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला, पण १२ हा आकडा चार फॉर्म्सच्या (स्क्रीनच्या) क्लिक-हँडलरात, म्हणजे बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडात कोरलेला. आता मोबाइल ॲपही हवंय. सुरुवात कुठून करू?

म्हापसा_कोडर: आधी जुन्या बिलांचे आकडे टेस्टमध्ये (आपोआप तपासणाऱ्या कोडात) पकडा. मग हिशोब वेगळ्या क्लास लायब्ररीत (स्क्रीन नसलेल्या, दोन्ही ॲप्सना वापरता येणाऱ्या कोडात) न्या: आत भाडं, किती रात्री, तारीख; बाहेर रक्कम, रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक. तिला विनफॉर्म्सचा रेफरन्सच (जोडणीच) देऊ नका, कोणी घाईत मेसेजबॉक्स (स्क्रीनवरची सूचना-चौकट) घुसवला तर कंपाइलर एरर देऊन अडवेल.

फोंडा_७: दर तारखेसकट टेबलात ठेवा हां, नाहीतर ऑगस्टचं बिल परत छापताना ५ टक्के लागतील. ‘१,५००’मधला स्वल्पविराम काढणं फॉर्मचं काम. काही चुकलं तर लायब्ररीनं फक्त एरर कोड द्यावा. त्याचा मजकूर मराठी की कोंकणी, ते स्क्रीन बघेल.