उन्हाळी संगणक वर्ग: नागपूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी चार आठवड्यांचा संगणकशास्त्राचा वर्ग घ्यायचा विचार आहे. जागा महाल भागात, वाचनालयाच्या वरची खोली. संगणक आठ, मुलं वीसेक, बहुतेक मराठी माध्यमाची. वर्ड-एक्सेल शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत, दहावीनंतर एमएस-सीआयटीही होतं. आम्हाला मुलांनी स्वतः प्रोग्राम लिहायला हवे आहेत. तुम्ही असा वर्ग घेतला असेल, मुलांना पाठवलं असेल किंवा स्वतः शिकला असाल तर लिहा. काय शिकवलं यापेक्षा काय काढून टाकावं लागलं, ते आधी सांगा.

शिक्षिका, प्रतापनगर

आधी वेळ ठरवा, अभ्यासक्रम नंतर. मी पहिल्या वर्षी अकरा ते एक ठेवला होता. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा सायकलवर येणाऱ्या मुलाला हे जमत नाही. दुसऱ्या वर्षी सकाळी साडेसात ते साडेनऊ केलं आणि हजेरी टिकली. कूलर आणि संगणक एकाच लाइनवर ठेवू नका. आमच्याकडे दोन्ही सुरू झाले की एमसीबी पडायचा, आणि मुलांनी सेव्ह न केलेलं सगळं जायचं. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, त्याच्या आत वर्ग संपवा.

आणखी एक. मुलं मामाच्या गावाला जातात, घरात लग्न असतं. तिसऱ्या आठवड्यात परत आलेल्याला काहीच कळत नसेल तर तो पुन्हा येत नाही. म्हणून दर सोमवारी नवा विषय सुरू करायचा आणि शनिवारी मुलाच्या हातात काहीतरी चालणारं असायला हवं.

प्रोग्रामर, मिहान

मी दोन उन्हाळे पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकवली. पहिल्या वर्षी वीस दिवसांत व्हेरिएबलपासून (माहिती साठवायचं नाव दिलेलं खोकं) क्लास-ऑब्जेक्टसारख्या पुढच्या धड्यापर्यंत सगळं बसवलं होतं. तिसऱ्या दिवशी एका मुलाने वडिलांच्या किराणा दुकानासाठी बिलाचा प्रोग्राम लिहायला घेतला. ४५ आणि ३० टाकले, बेरीज आली ४५३०. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, हे चुकून राहिलं नं!" इनपुटमधून येतं ते अक्षर असतं, त्याचा आकडा करावा लागतो, हे मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. कोणाच्याच लक्षात नव्हतं. त्या दिवशी दोन तास आम्ही त्या ४५३० वरच बसलो. संगणकाला अक्षर आणि आकडा यातला फरक कसा कळतो, इथपासून गाडी दशांशापर्यंत गेली. ०.१ आणि ०.२ ची बेरीज पायथन ०.३०००००००००००००००४ दाखवतं, हे पाहून पोरं खुर्च्या सोडून एका स्क्रीनभोवती जमली. दहाव्या हिश्श्याची बायनरी, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून केलेली, मांडणी संपतच नाही, म्हणून संगणक ती कुठेतरी तोडतो, हे तेव्हा फळ्यावर भागाकार करून दाखवलं. त्या रात्री मी क्लास-ऑब्जेक्ट आणि फाइल हे दोन्ही धडे वगळले. त्याची खंत नाही.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी दोन गोष्टी नक्की करा. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात. 'किंमत', 'एकूण' असं लिहिल्यावर मुलाला आपण काय साठवतोय ते दिसतं. एका मुलीने '४५' देवनागरीत टाकलं तरी इंट, म्हणजे अक्षराचा आकडा करणारी पायथनची आज्ञा, त्याचा बरोबर आकडा करते, हे मला तिच्यामुळेच कळलं. दुसरं म्हणजे चुकांची वही. नेमएरर, इंडेंटेशनएरर असे चुकीचे इंग्रजी संदेश स्क्रीनवर आले की मुलं घाबरून सगळा प्रोग्राम पुसायची. मग प्रत्येकाने आलेला संदेश, तो कशामुळे आला आणि कसा सुटला ते मराठीत लिहायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात मुलं मला न विचारता एकमेकांच्या वह्या बघू लागली.

पालक, त्रिमूर्तीनगर

मुलीला आठवीत स्क्रॅच, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं, फार आवडलं. मुलगा नववीत होता, त्याला ते लहान मुलांचं वाटलं आणि चौथ्या दिवशी त्याने जाणं सोडलं. दोघांना एकत्र बसवू नका.

इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी

लाइट गेली त्या दिवसाची गोष्ट सांगते. शब्दकोश होता, हजारेक पानांचा. मी मनात एक पान धरलं, मुलांनी 'पुढे की मागे' एवढंच विचारायचं. मध्यावर उघडत गेलं की दहा प्रश्नांत पान सापडतं. पाच हजार पानं असती तर? एका मुलीने बोटांवर मोजून 'तेरा' सांगितलं. ती तोपर्यंत पंधरा दिवस शेजारच्या मुलाच्या मागे बसून नुसती बघत होती. आठ संगणकांवर वीस मुलं म्हटलं की माउस नेहमी त्याच चार हातांत जातो. त्यानंतर आम्ही दर दहा मिनिटांनी घंटी वाजवून कीबोर्ड बदलायला लावला, आणि बाकीच्यांनी हात न लावता तोंडाने सांगायचं. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात सुरू झालेला 'सीएस अनप्लग्ड' हा असाच, संगणकाशिवायच्या खेळांचा संग्रह आहे. तो मोफत मिळतो, जरूर पाहा. लाइट जायची वाट पाहू नका, आठवड्यातून एक दिवस यासाठीच ठेवा.

अकरावीचा विद्यार्थी, झिंगाबाई टाकळी

मी दोन वर्षांआधी शिकलो. शेवटच्या आठवड्यात आम्ही मेट्रोचा प्रोग्राम केला. खापरी ते प्रजापतीनगर कसं जायचं, ते त्याने सांगायचं होतं. प्रत्येक स्टेशनच्या शेजारची स्टेशनं टाकली. सीताबर्डीला ऑरेंज आणि अ‍ॅक्वा लाइन भेटतात, म्हणून तिला चार शेजारी. चालवला तर प्रोग्राम थांबेचना! सीताबर्डी, झिरो माइल, पुन्हा सीताबर्डी, पुन्हा झिरो माइल. मॅडमनी उत्तर नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, तूच प्रवासी हो आणि कागदावर चाल. मी स्टेशनवर टिकल्या लावत गेलो आणि मग समजलं की जिथे जाऊन आलो ते लक्षात ठेवावं लागते. एक यादी वाढवली आणि बरोबर उतरलं. घरी बाबांना दाखवलं, तर ते म्हणाले अजनीहून सांग, मी रोज तिथूनच चढतो.

धागा सुरू करणारी

सगळ्यांचे आभार. वेळ साडेसातची केली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करून २४ मेच्या आत संपवू. आठवीचा गट वेगळा, त्यांना स्क्रॅच. बुधवारी संगणक बंद. कूलरसाठी वेगळी लाइन ओढायला इलेक्ट्रिशियन उद्या येतोय. मेट्रोचा प्रोग्राम शेवटच्या आठवड्यात घेतला आहे. अकरावीच्या दादा, त्या शनिवारी येऊन टिकल्यांची गोष्ट मुलांना तूच सांगशील का?